न पाजलेलं दूध

दम्माम, २० ऑक्टोबर २०१८

समरीन,

सलाम लिहीत नाही. सलाम लिहिला की त्याचं उत्तर देणं तुझ्यावर वाजिब होतं, आणि तू मला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलंयस. मग कशाला तुला गुन्हेगार करू?

फोनवर ब्लॉक केलंस, म्हणून कागद. आणि गंमत बघ, रोज सकाळी तू बसतेस माझ्याच गाडीत. नूरुद्दीनशेठचाच हुकूम. "उमैर, आता तू त्या पोरींचा दूधभाऊ. एक शाळेत शिकवायला जाते, एक शिकायला जाते. टॅक्सी कशाला? तू सोड." गेल्या महिन्यापर्यंत तुमच्या बिल्डिंगखाली जरा उभा राहिलो तरी हेच शेठ गाडी थांबवून विचारायचे, "काय रे, इकडे काय काम?" आता मंडळाचा अध्यक्षच तुला माझ्या गाडीत बसवतो. आणि तू बसायच्या आधी पुढे हात घालून आरसा वाकडा करतेस. मुन्नी मधल्या मधे एकदा तुझ्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. परवा उतरताना मला म्हणाली, "भैया, यू टू आर सो बोरिंग."

कागद सीटच्या मागच्या खिशात ठेवतोय. फाडायचा तर फाड, पण वाचून फाड.

मंडळाच्या सभेत काय झालं ते तुला तुझ्या अब्बांनी, कादिरचाचांनी, सांगितलं असेल. चाचा कमी बोलतात. म्हणून माझ्याकडून ऐक.

तुमचा अर्ज शारीकने वाचला. मंडळाचा सेक्रेटरी तो, वाचणारच. भांड्यांच्या दुकानात सौदी मुलं ठेवायचा हुकूम आला, कादिरचाचांना काउंटरवरून उचलून गोदामात टाकलं, पगार अर्धा. तुम्हा तिघींचा माणशी कर भरल्याशिवाय राहण्याचा परवाना, इकामा, रिन्यू होत नाही. इकामा नाही तर शाळेत नाव नाही, आणि फी थकली तर मुन्नीचं दहावीचं हॉल तिकीट नाही. हे सगळं त्याने असं वाचलं, जणू कुठल्यातरी परक्याचं आहे.

शेठ म्हणाले, "कोकणातल्या कुटुंबासाठी मंडळ आहे. नियम साधा आहे. घर आपल्यातलं आहे असं सांगणारे दोन गवाह उभे करा."

हॉलमध्ये शारीक सोडून मुरुडचे चार जण होते. मी मोजले. चौघंही स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "मुरुडचे असतील, पण सिद्दी ना ते? हबशी. ते जमातीत कुठे येतात?" चाचा उभे होते. पांढरा सदरा, हातात टोपी. समरीन, ज्या माणसाला इथला पोलिस सुदानी समजून अरबीत झापतो आणि केरळवाला दुकानदार आफ्रिकन समजून इंग्रजीत बोलतो, त्याला कोकणी माणूस तरी आपल्या भाषेत हाक मारेल असं मला वाटलं होतं.

मी उठणारच होतो. तेवढ्यात शारीक माझ्या कानाशी वाकला. "एकट्या गवाहाने भागणार नाही. पण दुधाचं नातं असेल तर गवाह लागतच नाहीत. घरातलेच धरतात."

आणि मी बोलून गेलो. "चाचींनी मला पाजलंय. हर्णैला. माय टायफॉइडने पडली होती तेव्हा." टायफॉइड खरा. चाचा त्या काळी चाचींना घेऊन हर्णैच्या बंदरात कामाला यायचे, तेही खरं. मधलं माझं.

सगळे 'माशाल्लाह' म्हणाले. मी खाली बसलो आणि मग मला कळलं, तू माझी कोण झालीस ते. दूधबहीण, आणि दूधबहिणीशी निकाह हराम.

आता मला एक सांग. शारीक स्वतः मुरुडचा. मग त्याने हात का नाही वर केला? माझ्याच कानात का सांगितलं? तो तुमच्या घरी दर आठवड्याला फळांची पिशवी घेऊन येतो, ते मला दिसत नाही असं वाटतं का तुला?

उमैर


दम्माम, ३ नोव्हेंबर

समरीन,

खिशातला कागद गेला. फाडलेले तुकडे सीटखाली सापडले नाहीत, म्हणजे तू तो नेलास. एवढ्यावर दोन आठवडे काढले.

आज बातमी आहे. दोन आठवडे मला झोप नव्हती, कारण शेठ माझ्या शब्दावर थांबणाऱ्यातले नाहीत. "तुझ्या मायला फोन लावून विचारतो" म्हणाले होते. मी म्हटलं संपलं. माय खोटं बोलत नाही. लहानपणी मी शेजाऱ्यांचा कोंबडा पळवला तेव्हा तिने स्वतः मला कान धरून त्यांच्या अंगणात उभं केलं होतं. ती म्हणणार, कोण चाची, कसलं दूध? मग मुन्नीची फी गेली, माझी इज्जत गेली.

काल शेठनी फोन लावला. माझ्यासमोर. हो ना करता करता विचारलं, "भाभी, तुमच्या उमैरला कादिरच्या बायकोने पाजलं होतं का?"

माय म्हणाली, "हो. पाजलंय. पोटभर पाजलंय."

समरीन, मी शेठच्या ऑफिसातून पळत खाली आलो. मायने माझी लाज राखली! न सांगता, न विचारता तिला कळलं की पोरगा अडकलाय. शेठनी तिथल्या तिथे सही केली. करसुद्धा मंडळ भरणार, मुन्नीची फीसुद्धा. आता तरी आरसा सरळ ठेव.

उमैर


दम्माम, ९ नोव्हेंबर

तुझी चिठ्ठी मिळाली. पहिली चिठ्ठी, आणि तीही दीड ओळीची. "तू सुटलास. सुटलेल्या माणसाने पत्रं लिहू नयेत."

आधी मला कळलंच नाही. मी गाडी कडेला लावून चार वेळा वाचली. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. मग कळलं तुला काय म्हणायचंय. तुला वाटतं हे मी आणि मायने मिळून ठरवलं. सिद्दी पोरीशी लग्न करावं लागू नये म्हणून. वर सवाबाचं पुण्य मिळालं, नाव झालं, आणि सुटका. कुणी बोट दाखवायला नको.

माझं डोकं फिरलं. तुझ्यावर. मग घरी येऊन मायला फोन लावला.

म्हटलं, "माय, तू हो का म्हणालीस?"

"तू भर सभेत बोललास ना? मग आई मुलाला भर सभेत खोटं पाडते का?"

"पण खरं नाही ना ते?"

"तुला ठाऊक. तू पाळण्यात होतास." आणि हसली. तिचं ते हसणं मला ठाऊक आहे. मासळीवाली वजनात मारायला जाते आणि माय तिला पकडते, तेव्हाचं हसणं. "आता ती पोरगी तुझी बहीण झाली, बाबू. बहिणीसारखं वाग तिच्याशी. मला हर्णैला बसून सगळं कळतं."

तर हे असं आहे. मी तुझ्यासाठी एक दार उघडलं आणि मायने बाहेरून कडी घातली. तिला आपल्याबद्दल कोणी सांगितलं? मी नाही. मुन्नीला मायचा नंबर ठाऊक नाही. मग राहतं कोण?

तू म्हणशील, आता जाऊन खोटं होतं म्हणून सांग. सांगतो. उद्या सांगतो. पण मग मुन्नी? मी काल चाचींना भेटलो तर त्या म्हणाल्या, "पोरीचे पेपर होऊ देत, मग काय ते बघू." त्यांनी माझ्या पुढ्यात भाकरी वाढली, पण नेहमीसारखं "खा रे पोरा" नाही म्हणाल्या.

मी सुटलेलो नाही. एवढंच लिहायचं होतं.

उ.


दम्माम, १५ डिसेंबर

समरीन,

काल मंडळाच्या जलशात तू बायकांच्या बाजूला होतीस, तुला बॅनर नीट दिसला नसेल. मी समोर होतो. एवढा मोठा बॅनर, त्यावर सात मुलं आणि बरोबर मध्ये मुन्नी. बाकीची सहा पोरं आपल्यातली, गोरीगोमटी. मुन्नीचा फोटो सगळ्यांपेक्षा मोठा.

का, ते मला कळलंय. ज्या तेलकंपनीकडून यंदा मंडळाला देणगी आली, त्यांचे साहेब मुलांना, कुटुंबांना मदत करतात, पण त्यांची अट असते, सगळ्या वर्णांच्या लोकांना सारखं वागवलं पाहिजे. ते साहेब पुढच्या रांगेत बसले होते. शेठ माइकवर म्हणाले, "आमच्या मंडळात रंगभेद नाही. वुई आर वन फॅमिली." आणि कादिरचाचांना पुढे बोलावून खांद्यावर हात ठेवला. ज्या हॉलमध्ये दोन महिन्यांपूर्वी चाचांना दोन गवाह मिळाले नाहीत, त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो शारीकने काढले. बॅनरही त्यानेच छापून घेतला.

गाडीत मुन्नी म्हणाली ते तू ऐकलंस का, की इअरफोन होते? "पोस्टर पे तो मैं बीच में हूँ भैया. जमात में किधर हूँ?" दहावीतली पोर. मी म्हटलं, तू माझी बहीण आहेस. ती म्हणाली, "वो तो झूठ है ना."

आता दुसरी गोष्ट, जी तुला आधीच कळली असणार. तुम्हाला घरी सोडल्यावर थोड्या वेळाने मी पुन्हा तुमच्या गल्लीत गेलो. गेलो म्हणजे मुद्दाम गेलो, खोटं कशाला बोलू. शारीक तुमच्या दारातून बाहेर पडत होता. चाची दारापर्यंत सोडायला आल्या होत्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. माझ्या डोक्यावरून कधी फिरवला होता?

मी त्याची कॉलर धरली. धरली हे कबूल. म्हटलं, "मला भाऊ करून टाकलास आणि स्वतः जावई व्हायला निघालास?"

तो घाबरला नाही. त्याचाच मला जास्त राग आला. तो म्हणाला, "सोड. तिथे मी का जातो ते तुला माहीत नाही."

"मग सांग."

"नाही सांगू शकत."

"का?"

"माझ्या घरचं आहे."

घरचं! ज्याच्या तोंडून तुमचा अर्ज परक्यासारखा निघतो, त्याचं तुमच्यात काय घरचं असणार? निकाह ठरवत असेल तर स्पष्ट सांग ना.

तुझी चिठ्ठी सकाळी मिळाली. "शारीकच्या अंगावर पुन्हा हात टाकलास तर मी चालत शाळेत जाईन." चाल. मीही गाडी तुझ्यामागे पायाच्या वेगाने चालवीन. सगळं दम्माम हॉर्न वाजवील.

नाही टाकणार हात. पण माझा त्याच्यावर विश्वास नाही. आणि तू त्याची बाजू का घेतेस, हे मला कोण सांगणार?

उमैर


दम्माम, १२ जानेवारी २०१९

समरीन,

गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानांवर आता सौदी मुलं ठेवायचा हुकूम लागू झाला. आमच्या काउंटरवर एक फहद नावाचा पोरगा आला. चांगला आहे. मला दोस्त मानून विचारतो, "सदीक, ब्रेक पॅड आणि ब्रेक शूमध्ये फरक काय?" मी त्याला शिकवतोय, आणि शिकवून झालं की मी जाणार. माझा कफील, ज्याच्या नावावर माझा व्हिसा, तो म्हणाला, हुफूफला त्याच्या भावाचं खजूर भरायचं गोदाम आहे, तिथे पाठवतो. घरी जाऊन कॉलेज पुरं कर असं तू मागे म्हणायचीस. प्रिन्सिपॉलशी भांडून दुसऱ्या वर्षात बाहेर पडलेल्याला कोण परत घेतं? आणि घरी म्हणजे मायकडे. आत्ता तिचं तोंड बघायची माझी तयारी नाही.

पण हे लिहायला कागद घेतला नव्हता. मायने काय केलंय ते सांगायला घेतला.

हर्णैचा एक माणूस रजेवरून परत आला, त्याच्याबरोबर तिने गठडी पाठवली. वर चिठ्ठी, "उमैरच्या दूधमायला." आत कपड्यांचा रेशमी जोड, काचेच्या बांगड्या, अत्तर, मिठाई. दूधमायला जोड द्यायची रीत आहे, तुला ठाऊकच आहे. माय कुठलीही रीत सोडत नाही. पण चोवीस वर्षांत तिला ही रीत सुचली नव्हती. तिला गाठ पक्की करायचीय. जोड घेतला की चाचींनी कबूल केल्यासारखं.

मी ती गठडी लपवून ठेवणार होतो. पण त्या माणसाने आधीच शेठला सांगितलं, शेठनी चाचांना सांगितलं. न्यावीच लागली. तू शाळेत होतीस.

चाचींनी बांगड्या हातात घेऊन बघितल्या. बराच वेळ बघितल्या. मग मला म्हणाल्या, "माझा पहिला मुलगा हर्णैला गेला. तुला ठाऊक आहे? सहा दिवसांचा होता. माझी छाती दुधाने फुटत होती. तुझी माय तापात पडली होती आणि तू रडत होतास. मी तुमच्या दारात गेले होते, पोरा. म्हटलं, द्या इकडे, पाजते. तुझ्या आजीने दार ओढून घेतलं. म्हणाली, नको, त्याच्यापेक्षा शेळीचं देऊ."

मी तिथे जमिनीवर बसलो होतो. वर बघवलं नाही.

त्या पुढे म्हणाल्या, "तेव्हा दिलं असतं तर घेतलं नाहीत. आता न दिलेल्याचा जोड पाठवता. मी शेळीपेक्षा हलकी होते, आता दूधमाय झाले. कशासाठी? तुला माझी पोरगी मिळू नये म्हणून."

त्यांना आपलं ठाऊक होतं, समरीन. पहिल्यापासून.

शुक्रवारी सभा आहे. मौलवीसाहेबांनी सांगितलंय की दूधमायचा स्वतःचा कबूलनामा एकदा सगळ्यांनी ऐकावा, मग विषय बंद. चाची काय बोलतील ते मला कळत नाही. हो म्हणाल्या तर आपण संपलो. नाही म्हणाल्या तर मुन्नी संपली, हॉल तिकिटं पुढच्या महिन्यात आहेत. चाचा त्यांना म्हणतात, "तुझ्या मनाला येईल ते बोल, मी पाठीशी आहे." तू काय म्हणालीस चाचींना? मला सांगू नकोस. नको, सांग.

उमैर


दम्माम, १९ जानेवारी

समरीन,

तू पडद्यामागे होतीस. आवाज तुला ऐकू आले, तोंडं दिसली नाहीत. म्हणून तोंडं लिहितो.

चाचींचा आवाज आला, "मी पाजलेलं नाही." आणि पडद्याखालून गठडी सरकत आली. जाजमावरून घसरत शेठच्या पायापाशी. शेठचं तोंड तू बघायला हवं होतंस. एका बाजूला तेलकंपनीची देणगी, एका बाजूला शरियत, मध्ये मिठाईचा वास. त्यांनी मला विचारलं, "उमैर, खरं काय?" मी उभा राहिलो. "मी खोटं बोललो. चाचींचा काही दोष नाही." मग म्हटलं, "मी त्यांच्या घरी ये-जा करतो, मी सांगतो, हे मुरुडचे आहेत, माझी गवाही घ्या."

शेठ म्हणाले, "बस खाली. तुझी गवाही या मंडळात आता चालत नाही."

हे तू ऐकलंस. पण पुढच्या रांगेतले मुरुडचे चौघं हसले, ते तुला दिसलं नाही. ज्याला तुमच्यासाठी खरं बोलायचं होतं तो एकच माणूस हॉलमध्ये होता, आणि त्याने आपली जीभ आधीच खर्च करून टाकली होती.

कुणीतरी ओरडलं, "पण याची माय हो म्हणाली होती! म्हणजे ती बाई खोटं बोलते?" कुठली बाई, चाची की माय? दोघींच्या अब्रूचा प्रश्न झाला. मी फोन काढला. म्हटलं, "आत्ता विचारतो." स्पीकर लावला. मायला सांगितलं नाही की सभा ऐकतेय. तेवढंच सुचलं.

"माय, चाची म्हणतात त्यांनी पाजलं नाही. तू हो का म्हणालीस?"

पुढचं तू ऐकलंस, तरी लिहितो, कारण मला ते माझ्या हाताने लिहायचंय.

"मेल्या, तुझ्या भल्यासाठी! नाहीतर तू त्या पोरीशी निकाह लावून मोकळा झाला असतास. कोण आहेत ते ठाऊक आहे ना? मुरुडच्या राजपुरीचे सिद्दी. तुझ्या आजाच्या गलबतावर कादिरचा बाप तांडेल होता, त्याचा बापही तांडेल होता. सात पिढ्या राजपुरीत राहतात, दोन्ही ईदला आपल्या अंगणात जेवून गेलेत. जेवायला घालणं वेगळं. सोयरीक करायची त्यांच्यात?"

मी फोन हातात धरून उभा. कादिरचाचा मान ताठ ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. समरीन, मला वाटलं जमीन दुभंगावी. तुमचं वाटोळं करायला मी स्वतः माझ्या मायला माइक दिला.

मग मौलवीसाहेब हळूच म्हणाले, "शेठ, एक गवाही झाली की."

शेठना कळलं नाही. "कोणाची?"

"या बाईंची. घर कुठलं, किती पिढ्यांचं, कुणाचा बाप कुठे कामाला, सगळं सांगितलं. आणि त्यांच्या बाजूने बोलायचं नव्हतं तिला. विरुद्ध बोलताना तोंडातून निघालं, त्यापेक्षा पक्की गवाही कुठली?"

कुणीतरी फिसकन हसलं. शेठ म्हणाले, "ठीक. पण दोन लागतात."

तेव्हा शारीक उठला. तुला त्याचा आवाज आला, पण तो उठला कसा ते ऐक. आधी त्याने खुर्चीची पाठ धरली. तोंड राखेसारखं. म्हणाला, "मी मुरुडचा. कादिर माझे मामा लागतात. माझी नानी सिद्दी होती. माझ्या बहिणीचं लग्न ठरतंय, म्हणून घरातून सांगितलं होतं, बाहेर बोलू नकोस. मी बोललो नाही. मामांचा अर्ज मीच वाचला आणि मामा म्हणालो नाही."

मुरुडच्या त्या चौघांचं हसू तिथेच विरलं. बहिणीच्या सासरकडचा एक त्यांच्यातच होता, मला नंतर कळलं. शेठनी खिशातून पेन काढलं. "दोन झाले. मुलीची फी मंडळ भरेल. कुटुंब मुरुडचं, जमातीतलं." आणि गठडीकडे बघत म्हणाले, "ही कुणीतरी उचला बाबा."

मी उचलली.

फोन चालूच होता. माय "हॅलो, हॅलो" करत होती.

उमैर


हुफूफ, ३ फेब्रुवारी

समरीन,

गोदामात खजुराचा वास केसांत जातो, धुतला तरी जात नाही. बाकी ठीक आहे. तुम्हाला शाळेत सोडायला आता कोण जातं? शारीक जात असेल. आतेभाऊ आहे, जाऊ शकतो. मला आधी सांगितलं असतं तर त्याची कॉलर वाचली असती. हे पत्र त्याच्याच हाती देतोय. शुक्रवारी इथे आला, आज परत निघालाय. म्हणाला, "आधी मला मारतोस, मग पोस्टमन करतोस." त्याच्या बहिणीचं लग्न अजून मोडलेलं नाही, पण तिकडून फोन येणं बंद झालंय. मी माफी मागितली. त्याने खजूर खाल्ले आणि विषय बदलला.

मुन्नीचं हॉल तिकीट आल्याचं त्याने सांगितलं. फोटोत ती हसलीय म्हणे, शाळेने परत काढायला लावला.

तुझा निरोपही त्याने सांगितला. पाठ करून आला होता, एक शब्द इकडेतिकडे नाही. "दोन्ही वेळा तू आम्हाला विचारलं नाहीस. एकदा आम्हाला तुझं करून टाकलंस, एकदा तुझ्या मायच्या शिव्या सगळ्यांना ऐकवल्यास. दोन्ही वेळा मुन्नीचं काम झालं, म्हणून लोक तुला शाबासकी देतात. मी देणार नाही."

यावर मी आधी चार पानं लिहिली होती. माझी बाजू. फाडली.

माय रोज फोन करते. मी उचलतो. ती म्हणते, "तू मला लोकांत उघडं पाडलंस." मी म्हणतो, "हो." मग ती विचारते, जेवलास का. आपल्याबद्दल तिला कोणी सांगितलं तेही विचारलं; म्हणाली, तूच, फोनवर दर दुसरं वाक्य तिचंच असायचं. चाचींच्या दारात आजीने काय केलं ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, मला तापात काही कळत नव्हतं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "शेळीचं दूध तुला पचलं नव्हतं." आणि फोन ठेवला. जोड मी तिला परत पाठवलेला नाही. तो तिने स्वतः येऊन न्यावा.

त्या दिवशी सभेत, फोन हातात असताना, एक वाक्य तोंडाशी आलं होतं. की मी समरीनशीच निकाह करणार, कोणाला काय करायचं ते करा. दोनशे माणसांसमोर. आतापर्यंतचा उमैर असता तर बोललाच असता. पडद्यामागे तू होतीस. मी गिळलं. तुला ठाऊक असावं म्हणून सांगतो, शाबासकीसाठी नाही.

आता विचारतो. आपल्यात दुधाचं नातं नाही, हे आता सगळ्या दम्मामला ठाऊक आहे. माय नाही म्हणणार, तिच्या दारात तुला कोणी ओवाळणार नाही. मंडळातले अर्धे लोक माझ्या सलामाला मान फिरवतात. माझं कॉलेज अर्धं, नोकरी खजुराची, आणि इकामा कफीलच्या मर्जीवर. तुम्ही पेपर झाल्यावर मुरुडला परत जाणार असं ऐकतो. गेलीस तर मी येईन, पण तू ये म्हटलंस तरच. राजपुरीच्या जेटीवर अचानक उभा राहणार नाही.

तुला मी हवा आहे का?

मुन्नीचा शेवटचा पेपर झाल्यावर उत्तर दे, त्याआधी घाई नको. चाचींना विचारून दे, चाचांना विचारून दे, किंवा कोणालाच न विचारता दे. नाही म्हणालीस तरी चालेल असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. नाही म्हणालीस तर मला चालणार नाही. तरी मी ऐकून घेईन, आणि कुणाची कॉलर धरणार नाही.

उमैर